दार लागलं, की भुंकणं सुरू!

सकाळचे नऊ वाजून दहा मिनिटं. वरच्या मजल्यावरचं सेफ्टी डोअर धाडकन लागतं. लिफ्ट खाली येते. पार्किंगमधून गाडी बाहेर पडते. मी मनातल्या मनात आकडे मोजायला लागतो. दीडशेच्या आसपास पोचलो, की सुरू! भॉ. दोन सेकंद शांतता. भॉ. परत शांतता. मग गळा काढून एक लांबलचक ऊऊऊ... आणि इकडे हेडफोनमधून टीम लीडचा प्रश्न, "अरे, तुझ्याकडे कुत्रा आहे का?"

नाही हो. माझ्याकडे नाही. माझ्या डोक्यावर आहे!

ही गोष्ट २०२२ च्या पावसाळ्यातली, पुण्यातल्या बावधनची. बाकी सगळ्या कंपन्यांनी लोकांना ऑफिसात बोलवायला सुरुवात केली होती. माझं काम मात्र पूर्णपणे घरूनच चालू होतं. म्हणजे दिवसभर मी ३०२ मध्ये आणि माझ्या वर, ४०२ मध्ये, चिकू. चिकू म्हणजे चिकूच्याच रंगाचा, एक कान उभा आणि एक पडलेला, अस्सल देशी कुत्रा. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये आमच्या गल्लीतल्या ट्रान्सफॉर्मरखाली भिजत बसलेलं पिल्लू ४०२ मधल्या जोडप्याने उचलून घरी आणलं होतं. लिफ्टमध्ये भेटला की हा प्राणी माझ्या बुटांचा वास घेऊन शेपूट हलवायचा. मला त्याच्याबद्दल काहीही राग नव्हता. राग होता तो सोमवार, मंगळवार आणि गुरुवारी. त्या दिवशी दोघंही ऑफिसला जायची. एक हिंजवडीला, एक खराडीला.

आता मी पडलो डेटावाला माणूस. तक्रार करायची तर पुराव्यानिशी, हा आपला फंडा. मी चक्क एक्सेल शीट उघडली. तारीख, वार, भुंकणं सुरू, भुंकणं बंद. तीन आठवडे इमानदारीत नोंदी केल्या आणि सोसायटीला मेल ठोकला. शीट अटॅच करून.

पुढच्या रविवारी मीटिंग झाली. सेक्रेटरी काकांनी माझी शीट सगळ्यांना वाचून दाखवली आणि फर्मान निघालं: महिनाभरात कुत्र्याचा बंदोबस्त करा. ४०२ वाली काहीच बोलली नाही. जिन्यात गाठ पडली तेव्हा एवढंच म्हणाली, "सासवडला याच्या मामांचं शेत आहे. तिकडे नेऊन ठेवतो." तिचे डोळे लाल होते. मी "हो, शेतावर मोकळं राहील ते" असं काहीतरी पुटपुटलो आणि सटकलो. त्या रात्री झोप काही नीट लागली नाही. गंमत म्हणजे तेव्हा वर अगदी चिडीचूप होतं.

एक्सेलने दिलेला धक्का

दोन दिवसांनी ती दारात हजर. म्हटलं, आता भांडण. तर म्हणाली, "तुझी ती शीट देशील? शेतावर पाठवायच्या आधी डॉक्टरांना एकदा विचारतोय. त्या म्हणतात, तुम्ही घरी नसताना तो नक्की काय करतो ते सांगा. आम्हाला कसं माहीत असणार? आम्ही तर घरी नसतो!"

पॉइंट होता. एकटं कुत्रं काय करतं, हे त्याच्या मालकाला कधीच दिसत नाही. ते फक्त शेजाऱ्याला ऐकू येतं.

मग आम्ही तिघांनी बसून ती शीट नीट बघितली. मी तीन आठवडे नोंदी केल्या होत्या, पण वाचल्या आत्ताच. बुधवार, शुक्रवार, शनिवार, रविवार: शून्य. बाकीच्या दिवशी नऊ दहाला दार लागतं आणि नऊ तेराच्या आत सुरुवात. अकरा वीसला कामाच्या मावशी येतात, की बंद. साडेबाराला त्या गेल्या, की पुन्हा चालू. इतकं नियमित की घड्याळ लावावं.

डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट सांगितली. जुना फोन पुस्तकांच्या शेल्फवर रेकॉर्डिंगला लावून ठेवा, दाराजवळ त्याच्या आवडीचं उकडलेलं चिकन ठेवा आणि निघून जा.

तो व्हिडिओ मी पाहिला आणि सॉलिड ओशाळलो. चिकू दाराकडून खिडकीकडे, खिडकीकडून दाराकडे नुसत्या येरझाऱ्या घालत होता. धापा टाकत होता. तोंडातून लाळ गळून दारापाशी थारोळं झालं होतं. पंजाने दार खरवडत होता. चिकनकडे ढुंकूनही बघितलं नाही. दोन तासांनी मावशींनी कुलूप उघडलं, त्यांच्या पायात घोटाळला आणि मग त्या चिकनचा अर्ध्या मिनिटात फन्ना.

डॉक्टर म्हणाल्या, हा खोडकरपणा नाही. ही घाबरगुंडी आहे.

भॉ भॉमध्ये फरक असतो, बॉस!

मोठे झालेले लांडगे क्वचितच भुंकतात. भुंकण्याचं हे वेड कुत्र्याला माणसाच्या संगतीत लागलं. आणि ते सरसकट एकसारखं नसतं. सोफिया यिन या अमेरिकन पशुवैद्यक बाईंनी २००२ मध्ये दहा कुत्र्यांचं भुंकणं रेकॉर्ड करून तपासलं. बेल वाजली तेव्हाचं भुंकणं जाड, खरखरीत आणि भराभर. एकटं कोंडलं तेव्हाचं बारीक, उंच स्वरातलं आणि बऱ्याचदा सुटंसुटं. २००५ मध्ये बुडापेस्टच्या संशोधकांनी असे आवाज लोकांना नुसते ऐकवले आणि विचारलं, कुत्रा आत्ता कुठल्या परिस्थितीत असेल? ज्यांनी आयुष्यात कुत्रा पाळला नव्हता, त्यांनीही निव्वळ अंदाजाने जमतील त्यापेक्षा बरीच जास्त बरोबर उत्तरं दिली.

म्हणजे कान सगळ्यांनाच आहेत. मी तीन आठवडे वेळ लिहीत होतो. आवाज कसा आहे, हे एकदाही लिहिलं नाही.

एकट्या कुत्र्याच्या भुंकण्याची मुख्य कारणं साधारण तीन.

पहिलं, पहारा. लिफ्ट, कुरिअर, समोरचं दार, खिडकीखालचं भटकं कुत्रं. आपल्याला साधारण २० हजार हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, कुत्र्याला ४५ हजारांच्या आसपास. त्यात कुरिअरवाला पार्सल ठेवून निघून जातोच. कुत्र्याच्या हिशेबात काय? मी भुंकलो म्हणून पळाला! रोज जिंकणारा सैनिक कशाला थांबेल? हे भुंकणं झटक्यात सुरू होतं आणि थोड्या वेळात थांबतं.

दुसरं, कंटाळा. तरुण, दणकट कुत्रं, सकाळी पाच मिनिटांची 'शू-शी'ची फेरी आणि मग नऊ तास चार भिंती. हे कुत्रं आधी मस्त झोप काढतं, मग चपला फाडतं, मग भुंकतं. पण खाणं ठेवलं तर खातं.

तिसरं, एकटेपणाची खरीखुरी भीती. ही बहुतेक वेळा माणूस बाहेर पडल्यावर पहिल्या अर्ध्या तासातच उफाळते. येरझाऱ्या, लाळ, दार खरवडणं, कधी घरातच शू. आणि आवडता खाऊ समोर असून न खाणं. चिकू या तिसऱ्या वर्गातला.

आणि हो, म्हातारं कुत्रं अचानक असं करायला लागलं तर आधी डॉक्टर गाठा. दुखणं, बहिरेपणा, वयाने आलेला विसराळूपणा, काहीही असू शकतं.

चिकूच्या बाबतीत लोच्या कुठे झाला होता, ते डॉक्टरांनी दोन वाक्यांत सांगितलं. तो घरी आला तेव्हा सगळं जग घरात होतं. एकटं राहणं म्हणजे काय, हे शिकायच्या वयात त्याला एक तासही एकटं राहावं लागलं नाही. आणि मग एका सोमवारी दोघंही गायब. नऊ तास. त्याला कुणी ईमेल थोडाच पाठवला होता, 'रिटर्न टू ऑफिस' म्हणून?

रागावून काय मिळतं?

४०२ वाला कबूल झाला की संध्याकाळी आल्यावर खरवडलेलं दार बघून तो चिकूवर ओरडायचा. "आणि त्याला कळायचं रे, चेहरा कसा अपराधी करायचा!" त्या चेहऱ्याचीही तपासणी झालेली आहे. न्यूयॉर्कच्या अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ मध्ये दाखवून दिलं की तो 'अपराधी' चेहरा कुत्र्याने चूक केली की नाही यावर ठरत नाही, तर मालक रागावतो का यावर ठरतो. काहीही न केलेलं कुत्रंही ओरडा बसला की तसाच चेहरा करतं. म्हणजे चिकूचं गणित असं झालं: हे जातात तेव्हा भीती, येतात तेव्हाही भीती. डबल वाट.

हाच प्रकार भुंकलं की शॉक देणाऱ्या पट्ट्यांचा. आधीच घाबरलेल्या जिवाला वरून झटका. आवाज बंद झाला तरी भीती जात नाही, ती दुसरीकडून बाहेर पडते. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकाने तशी लिंक टाकलीच होती. मीच त्याला अंगठा दाखवला होता. होय, लाइकचा.

उपाय बोअरिंग आहे, पण चालतो

डॉक्टरांनी दिलेला कार्यक्रम म्हणजे अक्षरशः जिमसारखा. आज पाच किलो, पुढच्या आठवड्यात सहा.

पायरी एक: निघायच्या खुणा निकामी करा. किल्ल्या वाजल्या, सॅक उचलली, बूट घातले, की चिकूची धडधड सुरू. मग दोघांनी रोज दहा वेळा किल्ल्या वाजवून सोफ्यावर बसायचं, बूट घालून भांडी लावायची. आठवडाभराने किल्ल्यांचा अर्थच संपला.

पायरी दोन: दाराबाहेर पाच सेकंद. मग दहा. मग वीस. कुत्रं घाबरायच्या आत परत यायचं. घाबरलं, तर पुढच्या वेळी कमी वेळ. परत आल्यावर गळाभेटीचा सोहळा नाही, साधं "काय रे" एवढंच.

पायरी तीन, आणि ही सगळ्यात अवघड: हे शिक्षण चालू आहे तोवर त्याला झेपेल त्यापेक्षा जास्त वेळ एकटं ठेवायचंच नाही. नाहीतर केलेलं सगळं पाण्यात. दोघांनी ऑफिसचे दिवस आलटून पालटून घेतले. तरी सोमवार उरलाच. सोमवारी चिकू कुठे?

"माझ्याकडे," मी म्हटलं. तोंडातून निघून गेलं खरं.

जोडीला डॉक्टरांनी गोळ्याही दिल्या. यात लाजण्यासारखं काही नाही. अमेरिकेत कुत्र्यांच्या याच त्रासासाठी १९९८ मध्ये क्लोमिप्रामिनला आणि २००७ मध्ये फ्लुऑक्सेटिनला मान्यता मिळाली आहे. पण गोळी फक्त भीती थोडी खाली आणते, शिकवणी आपल्यालाच घ्यावी लागते. आणि औषध डॉक्टरांनीच द्यायचं, गुगलने नाही.

ऑगस्टमध्ये पाच सेकंदांपासून सुरुवात केली. नवरात्रापर्यंत वीस मिनिटं. दिवाळीत फटाक्यांनी सगळं धुऊन काढलं, परत दोन मिनिटांवर आलो. तेव्हा ४०२ वाली म्हणाली, "सोडून देऊ या का?" तिचा नवरा काही बोलला नाही, किल्ल्या घेऊन दाराबाहेर गेला आणि मोजायला लागला. संक्रांतीपर्यंत चिकू चार तास शांत राहायला लागला. मधे मावशी येतात, दुपारी समोरच्या काकू फिरवून आणतात, त्यामुळे दिवस निभतो.

सोसायटीच्या फर्मानाचं काय? सेक्रेटरी काकांना मी दुसरा मेल लिहिला. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला पाळीव कुत्र्यावर बंदी घालता येत नाही. पण त्याच वेळी १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा मालकालाही सोडत नाही. कायम बांधून किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसं न फिरवणं हा त्यात गुन्हा आहे. म्हणजे शेजाऱ्याने हाकलायचं नाही आणि मालकाने कोंडायचं नाही. काका म्हणाले, "आधीची शीट पण तुझीच होती ना रे?" म्हटलं, हो काका. माझीच.

तुमच्या डोक्यावरही चिकू असेल तर...

* मेल करण्याआधी एक दिवस वेळ लिहा आणि आवाज कसा आहे तेही लिहा. मग ती नोंद सोसायटीआधी मालकाला द्या. त्याला खरंच माहीत नसतं.
* मालक असाल तर एकदा रेकॉर्डिंग करा. पाहिल्याशिवाय उपाय ठरवू नका.
* कंटाळा असेल तर निघण्याआधी अर्धा तास दणकून फिरवा, वास घेऊ द्या. पोकळ रबरी खेळण्यात दही-भात भरून फ्रीजरमध्ये गोठवा, चाटत बसेल. कांदा, मनुका, चॉकलेट अजिबात नको.
* पहारा असेल तर खिडकीचा पडदा लावा, बारीक आवाजात रेडिओ चालू ठेवा, कुरिअर गेटवर ठेवायला सांगा.
* भीती असेल तर डॉक्टर. आणि धीर.

सोमवारी चिकू अजूनही माझ्याकडेच असतो. आता गरज नाही खरं तर. बाकीच्या दिवशी नऊ दहाला वरचं दार लागतं आणि सवयीने मी आकडे मोजतो. दीडशे. दोनशे. मग वर फरशीवर रबरी खेळणं आपटल्याचा 'टप्प' आवाज येतो, नखांची टकटक सोफ्यापर्यंत जाते आणि थांबते.

मी हेडफोन लावतो आणि कॉलला जॉइन होतो.