कपाशीच्या कळंबात ढोबळीचा तोडा

यवतमाळ जिल्ह्यातल्या कळंब तालुक्यात शेती म्हटली की कापूस, सोयाबीन आणि तूर. नागपूर–तुळजापूर महामार्ग सोडून आत शिरलं की जानेवारीतही वावरात शेवटच्या वेचणीची पऱ्हाटी उभी दिसते. अशाच एका पऱ्हाटीला लागून अर्ध्या एकरात एक जोडपं ढोबळी मिरची घेतं. तिथला तोडा पाहिला, तेव्हा कळलं की या पिकात कापता येणं जेवढं महत्त्वाचं, तेवढंच न कापता थांबणंही.

इथली जमीन काळी, भारी. ती ओल धरून ठेवते म्हणून कपाशी तगते, पण ढोबळीच्या मुळाशी पाणी साचलं की झाडं बसल्या जागी मरतात. म्हणून उंच गादीवाफे, त्यावर ठिबकची नळी आणि वरून चंदेरी-काळा मल्चिंग पेपर. ऑगस्टअखेर कोकोपीटच्या ट्रेमध्ये केलेली रोपं पाऊस ओसरल्यावर लावली. यवतमाळचा उन्हाळा 45 अंशांना टेकतो आणि ढोबळीची फुलं 35 च्या पुढेच गळू लागतात. जे काही पिकवायचं ते मार्चच्या आत.

पहिली कात्री फळाला लागतच नाही. रोप थोडं वाढलं की खोडाला फांटे फुटतात आणि नेमकं त्या बेचक्यात पहिलं फूल येतं. ते खुडून टाकतात. ठेवलं तर कोवळं झाड सगळी ताकद त्या एका फळाला देतं, वाढ खुंटते आणि फळही बेचक्यात अडकून वेडंवाकडं होतं. वहिनी म्हणाल्या, "पयल्या फुलाचा मोह नाही करा लागत, भाऊ." लावणीनंतर दोन-सव्वादोन महिने वाट पाहून तोडा सुरू होतो, मग आठ-दहा दिवसांनी पुन्हा पुन्हा.

सकाळी दव वाळेपर्यंत कोणी हात लावत नाही, कारण ओलं फळ क्रेटमध्ये सडतं. ऊन चढायच्या आत मात्र काम आटपायचं असतं. बाया सरीतून वाकून पुढे सरकतात, डाव्या हाताने फळ तळव्यावर तोलतात, अंगठा हलकेच दाबतात. गर दबला तर फळ कोवळं, ते राहू द्यायचं. कातडी गडद, चकचकीत आणि गर टणक असेल तरच कात्री, तीही देठावर. ओढलं तर देठाबरोबर फांदी सांध्यातून तुटते आणि तिच्यावरची पुढच्या तोड्याची फुलंही जातात. तयार फळ झाडावर ठेवणंही परवडत नाही. भरलेली फळं लटकत राहिली की झाड नवी फुलं गाळतं. वर हिरव्यावर तांबूस छटा आली की व्यापारी ते फळ बाजूला काढतो. पूर्ण लाल होऊ द्यायला आणखी काही आठवडे लागतात आणि तेवढ्या काळात इथलं ऊन फळाला पांढरा चट्टा पाडतं.

याच बाया सकाळी इथे आणि दुपारून शेजारच्या पऱ्हाटीत असतात. कापूस वेचायचा तो किलोवर, त्यामुळे हात जितका चपळ तितके पैसे. ढोबळीचा तोडा मात्र रोजाने. मला ही पद्धत अगदी योग्य वाटते. इथे वजनावर मजुरी लावली, तर कोवळं-जून पाहायला कोण थांबेल? एका फळावर घालवलेले ते दोन क्षण म्हणजेच या कामातलं कसब आहे आणि त्याची मजुरी त्यांना मिळायलाच हवी.

सावलीत निवड होते. चार फुगीर पाकळ्यांची फळं एका क्रेटमध्ये, चपटी-वाकडी दुसऱ्यात. थंडीच्या रात्री परागीभवन नीट झालं नाही की बिया कमी धरतात आणि फळ असं चपटतं. तीन पाकळ्यांचं फळ नर, चार पाकळ्यांचं मादी असं लोक ठामपणे सांगतात, त्यात तथ्य नाही. ढोबळीच्या प्रत्येक फुलात पुंकेसर आणि स्त्रीकेसर दोन्ही असतात.

वाफ्यांमध्ये निळे चिकट सापळे टांगलेले आहेत. ते फुलकिड्यांसाठी. या किडीने पानं चुरडतात, त्याला इथे कोकडा म्हणतात. सापळे आणि निंबोळी अर्काने भागलं नाही तरच औषध फवारतात, आणि त्या दिवशीची तारीख बांबूवर खडूने लिहितात. या जिल्ह्याला फवारणीची धास्ती आहे. 2017 च्या हंगामात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन इथल्या वीसेक शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला. फवारल्यावर किती दिवस तोडा करायचा नाही, हे औषधाच्या लेबलवर छापलेलं असतं. मी तिथे असताना व्यापाऱ्याचा फोन आला. भाव चढलाय, मागचे दोन वाफेही आजच तोडा, म्हणत होता. दादांनी बांबूकडे पाहिलं आणि शुक्रवार सांगितला. तोवर त्या वाफ्यांतली काही फळं तांबूस होतील. ती गावातल्या बाजारात कमी भावात जातील, हे धरूनच.