टीव्ही भंगारात, कोर कामाचा

बुऱ्हाणपूरच्या लालबागेतल्या रेल्वे स्टेशनात रुळांवरून गेलेल्या तारेत 25,000 व्होल्ट असतात. एकेकाळी गावातल्या घराघरांत, रंगीत टीव्हीच्या पेटीत, जवळपास तेवढेच व्होल्ट रोज संध्याकाळी तयार होत. फरक करंटचा. मालगाडीचं जोरकस इंजिन तारेतून दोनशे अँपिअरच्या आसपास ओढतं, टीव्हीच्या पिक्चर ट्यूबला एखाद-दुसरा मिलिअँपिअर पुरायचा.

त्या पेट्या आता भंगारात निघाल्या. हा विजेचा दाब उभा करणारा ट्रान्सफॉर्मर, म्हणजे मेकॅनिक ज्याला ईएचटी म्हणतात तो, बहुतेकदा तांब्यासाठी फोडला जातो आणि आतला काळा कोर कचऱ्यात जातो. हे खरंच नुकसान आहे. ट्रान्सफॉर्मर जळतो तेव्हा सहसा तारेवरचं इन्सुलेशन जळतं. कोर शाबूत असतो.

ईएचटीचा कोर फेराइटचा. लोखंडाचं ऑक्साइड मँगनीज आणि जस्ताच्या ऑक्साइडांबरोबर भट्टीत भाजून तो बनतो. टोकियोत योगोरो काटो आणि ताकेशी ताकेई यांनी 1930 साली फेराइट शोधलं, आणि 1935 मध्ये त्याच्या उत्पादनासाठी टीडीके ही कंपनी निघाली. स्टॅबिलायझरमध्ये असतात ते सिलिकॉन स्टीलचे पत्रे 50 हर्ट्झला उत्तम, पण टीव्हीत करंट सेकंदाला 15,625 वेळा चालू-बंद होतो. त्या वेगाला पत्र्यांत भोवरा-प्रवाह माजतात आणि पत्रे तापतात. फेराइटमधून वीज जवळजवळ वाहतच नाही, म्हणून ते थंड राहतं.

कोरवर किती वेढे घ्यायचे हे हिशेबानं ठरतं. यंत्रमागांच्या गावात मोटार रिवाइंडिंग करणाऱ्याला तो हिशेब नवा नाही. दहा चौरस सेंटीमीटर छेदाचा पत्र्यांचा कोर 50 हर्ट्झवर, एक टेस्ला धरून चालवला तर व्होल्टमागे साडेचार वेढे लागतात, म्हणजे 230 व्होल्टला 1,035. एक चौरस सेंटीमीटरचा फेराइट कोर 30,000 हर्ट्झवर, टेस्लाच्या फक्त दहाव्या हिश्शावर चालवला तरी व्होल्टमागे पाऊण वेढा पुरतो. 24 व्होल्टच्या बाजूला अठरा वेढे झाले की काम भागलं. छोट्या कोरचं मोल इथे कळतं.

कोर सोडवताना मात्र घाई नको. दोन यू-आकाराचे तुकडे तारेच्या क्लिपनं आवळलेले आणि डिंकानं चिकटवलेले असतात. हळूहळू तापवलं की डिंक सुटतो. एकदम तापवलं किंवा हातातून फरशीवर पडलं तर फेराइट तडकतं. सांध्यातली प्लास्टिकची पातळ चकतीही जपून ठेवावी, कारण फ्लायबॅक पद्धतीच्या सर्किटमध्ये बरीचशी ऊर्जा त्या चकतीनं राखलेल्या फटीतच साठते.

दाब आणखी वाढवायचा तर पुढची पायरी डायोड आणि कपॅसिटरच्या साखळीची. जुन्या रंगीत टीव्हीतला ‘ट्रिपलर’ आठ-नऊ हजार व्होल्ट घेऊन पंचवीस हजारांपर्यंत पोचवायचा. हीच साखळी मोठ्या रूपात वापरून जॉन कॉकक्रॉफ्ट आणि अर्नेस्ट वॉल्टन यांनी एप्रिल 1932 मध्ये केंब्रिजला लिथियमचा अणुगर्भ फोडला. त्यांच्या यंत्राच्या काचनळ्या पेट्रोलपंपाला लागतात त्या जातीच्या होत्या, आणि हवा आत शिरू नये म्हणून सांधे प्लॅस्टिसिननं लिंपलेले होते. 1951 चं नोबेल या कामाला मिळालं.

ताप्ती मिलच्या लालबागेला जवळचा वाटावा असा या दाबाचा एक उपयोग आहे, विजेनं सूत काढण्याचा. अँटन फॉर्महाल्सनं 1934 मध्ये त्याचं पेटंट घेतलं. सुईतून पॉलिमरचं द्रावण थेंबाथेंबानं सोडायचं, समोर दहा-पंधरा सेंटीमीटरवर धातूची पाटी ठेवायची आणि मध्ये 10 ते 20 हजार व्होल्ट द्यायचे. थेंब ताणला जातो, त्याच्या टोकातून बारीक धार सुटते आणि वाटेतच वाळून तिचा तंतू होतो. कापसाचा तंतू दहा-वीस मायक्रॉन जाड, हा त्याहून कितीतरी पट बारीक, काही शे नॅनोमीटरचा. गाळण्या आणि जखमेच्या पट्ट्यांसाठी अशा तंतूंवर प्रयोगशाळांत काम चालतं. करंट इथे नगण्य लागतो, म्हणून ईएचटीचा कोर अशा प्रयोगाला चपखल बसतो.

धोका मात्र खरा आहे. टीव्ही बंद केल्यावरही पिक्चर ट्यूबची काच कपॅसिटरसारखी भारित राहते. साखळीतले कपॅसिटरही तसेच. निर्वात नळीला असा दाब दिला तर क्ष-किरण निघू शकतात. शाळा-कॉलेजात हे प्रयोग जाणत्या शिक्षकाच्या देखरेखीखालीच व्हावेत. दाब काढल्यावर साठा रिकामा करणारा मोठा रेझिस्टर बसवलेलाच असावा आणि एक हात सर्किटपासून लांब ठेवावा.

मायक्रोवेव्ह ओव्हनच्या ट्रान्सफॉर्मरला तर उच्च दाबासाठी हातच लावू नये. त्यातून दोनेक हजार व्होल्ट येतात आणि सोबत जीव घेण्याइतका करंटही. त्याचा कोर तरीही वाया जात नाही. उच्च दाबाची गुंडाळी कापून काढली आणि तिथे जाड केबलचे दोन वेढे घातले की दीड-दोन व्होल्टच मिळतात, पण शेकडो अँपिअरच्या जोरावर. बॅटरीच्या सेलवर निकेलची पट्टी स्पॉट वेल्डिंगनं जोडायला तेवढे पुरतात.