डबा टीव्हीची शिसेदार काच

आदिलाबादच्या रिम्स रुग्णालयात तेलुगूच्या जोडीने मराठीही कानावर पडते. महाराष्ट्रातून, किनवटच्या बाजूने माणसं इथे उपचाराला येतात. अशा कुठल्याही रुग्णालयात एक्स-रे खोलीबाहेरच्यांना आतल्या किरणांपासून राखते ती भिंत. साध्या एक्स-रेला नऊ इंची विटांची भिंत पुरते. दाराला मात्र शिशाचा पत्रा ठोकावा लागतो. या कामाला टाकाऊ काच लावता येईल का, यावर जगभर प्रयोग चालू आहेत. येईल, पण हवी ती काच नव्हे.

बाटलीची काच घ्या. तिची घनता 2.5, वाळूची 2.6. बाटल्या कुटून काँक्रीटमध्ये घातल्या तर वाळू वाचेल, किरण काही जास्त अडणार नाहीत. उलट काचेतल्या सिलिकाची सिमेंटमधल्या अल्कलीशी क्रिया होऊन काँक्रीट फुगतं, तडकतं. त्यावर वीजकेंद्रांतल्या कोळशाची राख हा उतारा आहे आणि शेजारच्या चंद्रपुरात तिला तोटा नाही.

खरा ऐवज डबा टीव्हीत आहे. रंगीत पिक्चर ट्यूबमध्ये पंचवीसेक हजार व्होल्टने इलेक्ट्रॉन आदळत आणि थोडे क्ष-किरण तिथेच जन्मत. 1967 साली अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या काही रंगीत टीव्हींतून ते प्रमाणाबाहेर निघताना सापडले. पुढच्याच वर्षी तिथे कायदा झाला. हे किरण अडवायला ट्यूबच्या मागच्या नरसाळ्याच्या काचेत वीस-पंचवीस टक्के शिशाचं ऑक्साइड घालत. समोरच्या पडद्यात शिसं चालत नसे, ते काळवंडे. तिथे बेरियम आणि स्ट्रॉन्शियम. म्हणजे ही काच मुळात किरण अडवायलाच घडवलेली. 1982च्या एशियाडनंतर आपल्या घराघरांत शिरलेली ही ढाल आज भंगारात पडून आहे.

हाँगकाँगच्या पॉलिटेक्निक विद्यापीठात नरसाळ्याची काच कुटून, आम्लाने धुऊन वाळूच्या जागी सिमेंटच्या मसाल्यात घातली. क्ष-किरण अडवण्याची ताकद वाढली. कारण सरळ आहे. रुग्णालयातल्या एक्स-रेच्या कमी ऊर्जेला शिशाचे जड अणू झटकन गिळतात. कर्करोगावरच्या कोबाल्टच्या गॅमा किरणांपुढे मात्र ही मात्रा फारशी चालत नाही, तिथे निव्वळ वजन आणि जाडी लागते. त्यासाठी आंध्रातल्या मंगमपेटचा बराइट हा जड दगड बरा.

अडचण शिशाचीच. भंगारवाल्याला रस तांब्याच्या तारेत. ट्यूब फोडून काच उकिरड्यावर जाते आणि पावसात शिसं पाझरू शकतं. सिमेंटमध्ये ते बरंचसं बांधलं जातं, तरी तपासल्याशिवाय भिंत उभारू नये. एक्स-रे खोलीला अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवानाही लागतोच.

माळ्यावर जुना डबा असेल तर तो फोडायला देऊ नका, नोंदणीकृत ई-कचरा केंद्रातच द्या.