यंत्रकारास पहिला पैसा कोण देणार?



नवें शास्त्रीय उपकरण बनविणाऱ्या लहान व्यावसायिकापुढें एक विलक्षण अडचण असते. साबण करणाऱ्यास गिऱ्हाईक घरोघरीं मिळतें. सूक्ष्म मापनाच्या यंत्राला गिऱ्हाईक म्हणजे मोजक्या प्रयोगशाळा. शिवाय यंत्र साधेल कीं नाहीं, हें तें करून पाहिल्यावांचून कळत नाहीं. अशा कामीं सावकार पैसा देण्यास कचरतो. आणि तारणावांचून कर्ज देणें हा त्याचा धंदाही नव्हे.

मग बक्षीस लावावें काय? १७१४ सालीं ब्रिटिश पार्लमेंटनें समुद्रावर रेखांश काढण्याची रीत शोधणारास २०,००० पौंडांपर्यंत बक्षीस जाहीर केलें. परंतु बक्षीस मिळावयाचें तें शोध लागल्यावर. तोंवर प्रयोग कशावर चालावयाचे? विद्यार्थ्यास पाटी आधीं द्यावी लागते, गुण मागाहून. सुताराचा मुलगा जॉन हॅरिसन यास १७३७ सालीं रेखांश मंडळानें नवें घड्याळ करण्यासाठीं ५०० पौंड मंजूर केले व त्यांतील निम्मे आगाऊ दिले. पुढेंही वेळोवेळीं साहाय्य मिळालें. अखेर १७६४ सालच्या बार्बाडोसच्या सफरींत त्याच्या चौथ्या घड्याळानें कायद्यानें ठरविलेली अचूकता राखली.

आधीं थोडें द्यावें, काम पाहून पुढचें द्यावें, हेंच तत्त्व अमेरिकेंत नॅशनल सायन्स फाउंडेशन या संस्थेनें १९७७ पासून लहान प्रमाणावर अजमावून पाहिलें. १९८२ सालीं त्याचा कायदा झाला. बाहेरच्या संशोधनावर वर्षास १० कोटी डॉलरांहून अधिक खर्च करणाऱ्या सरकारी खात्यांनीं त्यांतील ठराविक अंश लहान व्यवसायांसाठीं राखून ठेवावा, असें ठरलें. लहान म्हणजे ५०० पर्यंत नोकर असलेला. पायऱ्या तीन होत्या. पहिलींत, सुमारें सहा महिन्यांत, कल्पना साध्य आहे काय एवढेंच तपासावयाचें. दुसरींत, सुमारें दोन वर्षांत, संशोधन पुढें नेऊन नमुना सिद्ध करावयाचा. तिसरींत, माल बाजारांत आणतेवेळीं, या राखीव निधींतून कांहीं मिळावयाचें नाहीं. तें भांडवल अन्यत्र उभारावयाचें. दिलेला पैसा कर्ज नव्हता आणि त्याबदल्यांत सरकार व्यवसायांत मालकीही मागत नव्हतें.

आपल्याकडेही २००५ सालीं केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागानें लहान उद्योगांसाठीं याच धर्तीची योजना आरंभिली.

करदात्याचा पैसा बुडाला तर, असें कोणी विचारील. पहिल्या पायरीवर थोडाच बुडेल, आणि अमुक वाट चालत नाहीं हेंही कळेल. खरा धोका निराळा आहे. कांहीं व्यवसाय माल न विकतां अनुदानावरच जगूं लागतात, असा आक्षेप अमेरिकेंतही घेतला गेला. यास्तव पहिल्या पायरीवर हात सैल असावा. दुसरीवर मात्र काम नीट पारखूनच पैसा द्यावा. हें तारतम्य सुटलें, तर गुणी कारागीर उपाशी राहील आणि केवळ अर्ज लिहिण्यांत निपुण असलेला पोसला जाईल.