रक्तरस दुधाळ का होतो?

प्रयोगशाळेत रक्तपेशींपासून वेगळा केलेला रक्तरस एरवी फिकट पिवळा, पारदर्शक असतो. ट्रायग्लिसराइड ही चरबी फार वाढली, की तो दुधासारखा गढूळ दिसतो. १५० च्या आत असावा तो आकडा तेव्हा ५०० च्या, क्वचित १००० च्याही पुढे गेलेला असतो.

असा अहवाल हाती येताच लातूर-नांदेडकडील घरांत पहिला ठपका तेलावर येतो. सोयाबीनच्या मुलखात ते स्वाभाविकच. आजोबांच्या भाकरीवरचे तूप बंद होते. मात्र दिवसातून चारदा होणारा गोड चहा, जेवणानंतरचा गुळाचा खडा आणि एकादशीची साबुदाण्याची खिचडी तशीच राहते. गरजेहून अधिक साखरेची व पिष्टाची यकृत चरबीच करते, आणि गूळ त्याला अपवाद नाही. आकडा इतका चढलेला असताना तेल-तूप कमी करावेच लागते, पण तेवढ्याने भागत नाही.

केवळ खाण्यामुळे आकडा सहसा एवढा चढत नाही. बहुधा आनुवंशिक कल असतो आणि त्यावर दुसऱ्या कारणाची भर पडते. त्यांत अनियंत्रित मधुमेह अग्रभागी. इन्सुलिन अपुरे पडले, की रक्तातील चरबीचा निचरा मंदावतो. थायरॉइडची कमतरता वृद्धांत हमखास नजरेआड होते. थकवा, सुस्ती, बद्धकोष्ठ सारे वयाच्या खात्यावर जाते. मूत्रपिंडाचे विकार आणि मद्यपान हीही कारणे आहेत. मद्याविषयी डॉक्टरांनी विचारले, की घरची मंडळी संकोचाने गप्प बसतात. तेथे खरे सांगावे.

औषधांकडेही पाहावे. स्टेरॉइड, रक्तदाबाच्या काही गोळ्या व काही मनोविकारांवरील औषधे हा आकडा वाढवू शकतात. गुडघेदुखीसाठी कोणी आणून दिलेल्या बेनामी पुड्यांतही स्टेरॉइड मिसळलेले असू शकते. तपासणीला जाताना घरातील सर्व गोळ्या-पुड्या पिशवीत घालून न्याव्यात. मात्र कोणतेही औषध परस्पर थांबवू नये. स्टेरॉइड एकाएकी सोडणे जिवावर बेतू शकते.

एवढ्या वाढीचा तातडीचा धोका स्वादुपिंडाला असतो. पोटाच्या वरच्या भागात तीव्र वेदना, ती पाठीकडे जाणे, उलट्या होणे, अशी लक्षणे दिसल्यास पित्त समजून रात्र काढू नये. नांदेडला विष्णुपुरीचे शासकीय रुग्णालय, लातूरला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय किंवा जवळचे मोठे रुग्णालय गाठावे आणि मागील रक्ततपासणीचा अहवाल सोबत न्यावा.