उंचीची भीती आणि शिवनेरीच्या पायऱ्या

आपण शिरूर-दौंडकडची माणसं सपाटीवर वाढलेली. इकडे घोड नदी, तिकडे भीमा, मध्ये उसाची शेतं. आपल्या मुलांनी पाहिलेली उंच जागा म्हणजे घराची गच्ची, नाहीतर दौंड स्टेशनवरचा पादचारी पूल. अशी मुलं शाळेच्या सहलीत एकदम जुन्नरच्या शिवनेरीवर जातात. गड समुद्रसपाटीपासून साधारण साडेतीन हजार फूट उंच, चहूबाजूंनी कडे. जुलै 2025 मध्ये तो युनेस्कोच्या जागतिक वारशात आला, तेव्हापासून तर सगळ्यांनाच बघायचाय.

काही वर्षांपूर्वी आमच्या सहलीत सातवीतली एक मुलगी हत्ती दरवाजाजवळ खालीच बसली. दोन्ही हात भिंतीला, डोळे गच्च मिटलेले. "आपा, मेरे से नहीं होता." मागची मुलं हसायला लागली, कुणीतरी "डरपोक" म्हणालं. मला हसू आलं नाही. माझेही गुडघे त्याच पायरीवर थरथरत होते, फक्त मी टीचर होते म्हणून उभी होते.

नंतर मी याबद्दल वाचलं. आपलं शरीर तोल सांभाळतं ते तीन ठिकाणच्या माहितीवर: डोळे, कानाचा आतला भाग आणि पायांचे स्नायू-सांधे. आपण स्थिर उभे आहोत असं वाटतं, पण प्रत्यक्षात थोडे डुलत असतो. समोर भिंत किंवा झाड असलं की डोळ्यांना ते डुलणं लगेच कळतं आणि शरीर सावरतं. कड्यावर मात्र समोर जवळ काहीच नसतं, सगळं लांब, खाली. डोळ्यांना डुलणं कळत नाही, पाय आणि कान मात्र सांगत असतात की हलतोय. हा मेळ बसला नाही की मेंदू धोक्याची घंटा वाजवतो. छाती धडधडते, तळव्यांना घाम येतो, पाय लटपटतात. मग त्यावर भीतीचा थर चढतो. थोडीफार अशी बेचैनी बहुतेकांना होते, काहींना फार होते. यात ना ईमान कमजोर असतं, ना काळीज.

म्हणून "खाली बघू नकोस" हा सल्ला अर्धाच बरोबर आहे. मुलाला सांगायचं ते "जवळचं बघ". पुढची पायरी, भिंतीतला दगड, पुढच्या माणसाची पाठ. हात भिंतीला लावून चालायचं. फारच झालं तर बसायचं, बसल्यावर डुलणं कमी होतं. ती मुलगी बसली, म्हणजे तिच्या शरीराने बरोबरच केलं होतं.

घरच्यांची एक सवय मला अजिबात पटत नाही. "बस, आलंच, पाच मिनिटं" असं खोटं सांगून मुलाला वर ओढायचं. मूल एकदा फसलं की पुढच्या वळणावर विश्वास ठेवत नाही. शिवनेरीवर तर खरं सांगणं सोपं आहे: पायऱ्यांच्या वाटेवर सात दरवाजे आहेत, त्यातला एक पीर दरवाजा. दरवाजे मोजत जा, प्रत्येक ठिकाणी थांबा, आणि "इथून परत जाऊया का?" असं मनापासून विचारा. साखळीची वाट वेगळी आहे, ती पहिल्या खेपेला नकोच. 19 फेब्रुवारीला, शिवजयंतीला, गर्दी फार असते. गर्दीत घाबरलेल्या माणसाला थांबता येत नाही.

उतरताना भीती जास्त वाटते, कारण दरी समोर दिसते. मोठ्या माणसाने एक पायरी खाली, पुढे चालावं. आणि आपल्या बहिणींसाठी एक गोष्ट: अबाया पायात येतो. घोट्याच्या वर पिन लावून घ्या, सपाट चप्पल नको, बूट घाला.

जर्मन कवी गोएथे तरुणपणी स्ट्रासबर्गला शिकत असताना तिथल्या चर्चच्या उंच मनोऱ्यावर पुन्हा पुन्हा चढून उभा राहायचा, भीती जाईपर्यंत. आजचे डॉक्टरही सरावच सांगतात, पण हळूहळू, पायरी-पायरीने. आधी गच्ची, मग टेकडी, मग गड. सपाट जमिनीवरही गरगरत असेल तर ती उंचीची भीती नव्हे. कान, बीपी तपासून घ्या.

हे मी उमराहला जाणाऱ्यांनाही सांगते. मक्केजवळ जबल-ए-नूरवर गार-ए-हिरा बघायला कितीतरी वयस्कर मंडळी चढतात. ती चढण अवघड आहे, आणि ती उमराहचा भाग नाही. अम्मी-अब्बूंनी पायथ्याशी थांबून बघितलं तरी उमराहमध्ये काही कमी पडत नाही.

ती मुलगी त्या वर्षी हत्ती दरवाजावरूनच परतली. मी तिच्याबरोबर खाली आले, पुरीभाजी खाल्ली. आठवीत असताना ती घरच्यांबरोबर पुन्हा गेली. सोमवारी शाळेत येऊन सांगू लागली की वर कमानी मशीद आहे, दोन मिनारांच्या मध्ये कमान आहे, जन्मस्थानाची इमारतही बघितली. "और कडेलोट?" मी विचारलं.

"वहाँ नहीं गई, आपा. आप गए थे क्या?"

मी अजूनही गेलेले नाही.