नरोऱ्याचे सतरा तास

31 मार्च 1993. पहाटेचे साडेतीन वाजले होते. उत्तर प्रदेशातल्या बुलंदशहर जिल्ह्यात, गंगेच्या काठावर, नरोरा अणुवीज केंद्राची पहिली अणुभट्टी 185 मेगावॅट वीज देत होती. अचानक टर्बाइनच्या शेवटच्या टप्प्यातली दोन पाती तुटली. मिनिटाला 3,000 फेरे घेणाऱ्या त्या अवजड यंत्राचा तोल गेला आणि त्याच्या हादऱ्यांनी शेजारच्या जनित्राची सील फुटली. जनित्र थंड ठेवण्यासाठी भरलेला हायड्रोजन बाहेर आला आणि भडकला. वंगणतेलाच्या नळ्या फुटल्या, तेल पेटले आणि आग केबलच्या मार्गाने पुढे सरकू लागली.

बुलंदशहर जिल्हा राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात मोडतो. नरोऱ्यापासून दिल्ली सरळ रेषेत सव्वाशे किलोमीटरांच्या आसपास आहे. दिल्लीकरांच्या झोपेत घडलेली ही घटना भारताच्या अणुवीज इतिहासातली सर्वांत गंभीर आग ठरली. अणुघटनांच्या आंतरराष्ट्रीय मोजपट्टीवर तिची नोंद तिसऱ्या पातळीवर झाली. किरणोत्सार केंद्राबाहेर गेला नाही, कोणी दगावले नाही, अणुभट्टीचा गाभा शाबूत राहिला. हे कसे साधले आणि साधले नसते तर पुढची किती वर्षे काय करावे लागले असते, हे दोन्ही समजून घेण्यासारखे आहे.

विझूनही न विझणारी भट्टी

पाळीवरच्या कर्मचाऱ्यांनी मिनिटभराच्या आत अणुभट्टी बंद केली. नरोऱ्याच्या भट्टीत कॅडमियमचे 14 दंड वरून गाभ्यात पडतात, न्यूट्रॉन शोषून घेतात आणि विखंडनाची साखळी तुटते. कोळशाच्या केंद्रात एवढ्यावर निम्मी लढाई जिंकली असती. अणुभट्टीचे तसे नसते. युरेनियमच्या विखंडनातून तयार झालेली किरणोत्सारी मूलद्रव्ये साखळी तुटल्यावरही क्षय पावत राहतात आणि उष्णता देत राहतात. फुंकर थांबली तरी निखारा धगधगत राहावा, तसे. बंद होताक्षणी ही उष्णता चालू स्थितीतल्या उष्णतेच्या सहा-सात टक्के असते. तासाभराने ती दीड टक्क्यावर येते, दिवसभराने अर्ध्या टक्क्याच्या आसपास. टक्केवारी लहान दिसते, पण त्या पहाटे नरोऱ्याच्या गाभ्यात पहिल्या क्षणी सुमारे 40 मेगावॅट उष्णता तयार होत होती. ती बाहेर काढली नाही तर इंधन तापत जाते, त्याचे झिर्कोनियमचे वेष्टन वाफेशी अभिक्रिया करते, हायड्रोजन तयार होतो आणि शेवटी गाभा वितळतो.

उष्णता काढायची तर पंप हवेत, पंपांना वीज हवी. आणि वीज आठव्या मिनिटाच्या आसपास पूर्णपणे गेली. मुख्य पुरवठा आणि पर्यायी पुरवठा यांच्या केबल एकमेकींपासून पुरेशा वेगळ्या नव्हत्या, त्यामुळे एकाच आगीत दोन्ही जळाल्या. डिझेल जनित्रे असून नसल्यासारखी झाली. मुख्य नियंत्रण कक्षात धूर भरला आणि कक्ष सोडावा लागला. बाजूच्या आपत्कालीन कक्षातल्या पॅनेललाही वीज नव्हती. भट्टीत काय चालले आहे हे सांगणारी उपकरणे मुकी झाली. पूर्ण अंधाराची ही अवस्था 17 तास टिकली.

गुरुत्वाकर्षण आणि विजेऱ्या

भट्टी वाचली ती दोन कारणांनी. पहिले कारण तिच्या रचनेत आहे. जड पाण्याच्या या भट्टीत वाफ तयार करणारी बाष्पजनित्रे गाभ्यापेक्षा उंचावर असतात. गाभ्यात तापलेले जड पाणी हलके होऊन वर चढते, बाष्पजनित्रात उष्णता सोडते आणि जड होऊन पुन्हा खाली उतरते. पंप बंद असले तरी हे अभिसरण आपोआप चालू राहते. अट एकच : बाष्पजनित्राच्या दुसऱ्या बाजूला साधे पाणी मिळत राहिले पाहिजे. तेच पाणी उकळून वाफ होऊन बाहेर जाते आणि सोबत उष्णता नेते. केंद्रात आग विझवण्यासाठी डिझेलवर चालणारे पंप होते. त्यांना विजेची गरज नव्हती. कर्मचाऱ्यांनी ते सुरू केले आणि आग विझवण्याचे पाणी बाष्पजनित्रांकडे वळवले.

दुसरे कारण माणसे. दंड पडले होते, पण पुढच्या तासांत भट्टी पुन्हा जिवंत होणार नाही याची खात्री देणारे एकही उपकरण चालू नव्हते. गाभ्यातला झेनॉन सुरुवातीला न्यूट्रॉन शोषतो, पण काही तासांनी तो क्षय पावून कमी होऊ लागतो आणि भट्टी सुरू होण्याकडे झुकते. म्हणून काही कर्मचारी हातात विजेऱ्या घेऊन अंधारात भट्टीच्या इमारतीत वरपर्यंत चढले आणि त्यांनी हाताने झडपा उघडल्या. टाकीतले बोरॉनचे द्रावण स्वतःच्या वजनाने गाभ्यात उतरले. बोरॉन न्यूट्रॉन गिळतो. त्यानंतर भट्टी जागी होण्याचा धोका उरला नाही. मोठी आग दीड तासात आटोक्यात आली, पूर्ण विझायला सुमारे नऊ तास लागले.

झडप उघडली की द्रावण खाली येणार, तापलेले पाणी वर जाणार : निसर्गाच्या या दोन नियमांवर एक अणुभट्टी तरली. त्या पाळीतल्या माणसांनी हे नियम जाणले आणि घाबरून न जाता वापरले. त्यांच्या धैर्याची जेवढी नोंद व्हायला हवी होती तेवढी झालेली नाही.

पण वाखाणणी करताना कारणे झाकता कामा नयेत. त्या प्रकारच्या पात्यांना तडे जातात हे परदेशात आधीच लक्षात आले होते. केबलच्या आगीचा धडा तर जगाला 18 वर्षे आधी मिळाला होता. मार्च 1975 मध्ये अमेरिकेतल्या ब्राउन्स फेरी केंद्रात गळती शोधण्यासाठी धरलेल्या मेणबत्तीने केबल पेटल्या आणि सुरक्षा यंत्रणा एकामागून एक निकामी झाल्या. पर्यायी यंत्रणेच्या केबल वेगळ्या मार्गाने न्या, त्यांना आगरोधक लेप द्या, हा त्या घटनेचा साधा निष्कर्ष होता. नरोऱ्यात तो आग लागल्यानंतर अमलात आला.

वितळली असती तर

नरोऱ्याला टर्बाइन बदलता आले, केबल नव्याने टाकता आल्या आणि भट्टी पुन्हा सुरू झाली. गाभा वितळलेल्या भट्टीच्या नशिबी हे नसते. तिथे तीन कामे क्रमाने करावी लागतात : थंड ठेवणे, कोंडून ठेवणे आणि मग सुटी करणे. पहिले काम वर्षानुवर्षांचे, दुसरे दशकांचे आणि तिसरे कधी कधी एका पिढीच्या आवाक्याबाहेरचे.

28 मार्च 1979 रोजी अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंड केंद्रात निम्मा गाभा वितळला. भट्टीच्या आत काय उरले आहे हे पाहायला तीन वर्षे लागली. 1982 मध्ये कॅमेरा आत सोडला तेव्हा गाभ्याच्या वरच्या भागात पोकळी आणि खाली मलबा दिसला. 1984 मध्ये झाकण काढले. 1985 च्या अखेरीस कामगार भट्टीच्या तोंडावर बसवलेल्या फिरत्या मंचावर उभे राहून लांबच लांब दांड्यांच्या हत्यारांनी पाण्याखालचा मलबा फोडू आणि उचलू लागले. मध्येच पाण्यात सूक्ष्मजीव वाढले, पाणी इतके गढूळ झाले की हत्याराचे टोक दिसेना. आधी पाणी साफ करावे लागले. 1990 मध्ये इंधन काढण्याचे काम संपले. सुमारे 100 टन मलबा आयडाहोला नेऊन ठेवला. उरलेला सांगाडा सुटा करण्याचे काम अजूनही पूर्ण झालेले नाही. आणि थ्री माइल आयलंड, चेर्नोबिल व फुकुशिमा या तीन दुर्घटनांपैकी ही सर्वांत सोपी, कारण इथे भट्टीचे पात्र फुटले नव्हते.

चेर्नोबिलमध्ये 26 एप्रिल 1986 रोजी भट्टीच फुटली. 206 दिवसांत तिच्यावर काँक्रीट-पोलादाची शवपेटी उभारली. घाईत बांधलेली ती पेटी गळू लागली, म्हणून 2016 मध्ये तिच्यावर 36,000 टनांची पोलादी कमान सरकवून बसवण्यात आली. कमान बाजूला बांधून रुळांवरून सरकवली, कारण भट्टीच्या अगदी शेजारी माणसांनी फार काळ काम करणे शक्य नव्हते. कमानीच्या पोटात अवजड क्रेन आहेत. त्यांनी जुनी पेटी तुकड्या-तुकड्यांनी उतरवायची, असा बेत होता. कमान शंभर वर्षे टिकेल असा हिशेब होता. 14 फेब्रुवारी 2025 रोजी रशिया-युक्रेन युद्धातला एक ड्रोन तिच्यावर आदळला आणि नव्याकोऱ्या आवरणाला भोक पडले. कोंडून ठेवायचा काळ जेवढा लांब, तेवढा मधल्या काळात युद्धापासून पुरापर्यंत काय काय घडेल याचा भरवसा कमी.

जपानमधल्या फुकुशिमात 11 मार्च 2011 रोजी त्सुनामीने डिझेल जनित्रे बुडवली. नरोऱ्यात आगीने केले ते तिथे पाण्याने केले : वीज गेली. पहिल्या भट्टीचा गाभा त्याच दिवशी रात्र पडण्याच्या सुमारास वितळू लागला. तीन भट्ट्यांच्या तळाशी आज इंधन, पोलाद आणि काँक्रीट यांचा मिळून सुमारे 880 टन मलबा असल्याचा अंदाज आहे. नोव्हेंबर 2024 मध्ये, दुर्घटनेनंतर साडेतेरा वर्षांनी, मासे पकडण्याच्या गळासारख्या लांब होणाऱ्या 22 मीटरच्या उपकरणाने दुसऱ्या भट्टीतून या मलब्याचा पहिला नमुना बाहेर काढला. त्याचे वजन एक ग्रॅमही नव्हते. मोठ्या प्रमाणावर मलबा काढणे 2037 च्या आधी सुरू होणार नाही, असे केंद्र चालवणाऱ्या कंपनीने म्हटले आहे. भट्ट्या मोडीत काढण्याच्या खर्चाचा सरकारी अंदाज 8 लाख कोटी येनचा आहे.

मायापुरीचा तुकडा

भट्टी सुटी करणे एवढे अवघड का, याचे उत्तर दिल्लीतच मिळाले आहे. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात 1968 मध्ये आणलेले कोबाल्ट-60 चे एक प्रारण उपकरण 1985 पासून पडून होते. फेब्रुवारी 2010 मध्ये त्याचा लिलाव झाला आणि ते पश्चिम दिल्लीतल्या मायापुरीच्या भंगार बाजारात पोहोचले. तिथे कामगारांनी त्याचे शिशाचे कवच फोडले. आत काय आहे हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. सात जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले, त्यातला एक दगावला. कोबाल्टच्या कांड्यांचे तुकडे वेगवेगळ्या ठिकाणी पांगले होते. एक तर एका माणसाच्या पाकिटात सापडला. तज्ज्ञांनी ते शोधून शिशाच्या पेट्यांत बंद केले आणि नरोऱ्याला नेले.

ही घटना आंतरराष्ट्रीय मोजपट्टीवर चौथ्या पातळीची ठरली, म्हणजे नरोऱ्याच्या आगीपेक्षा एक पायरी वरची. अणुवीज केंद्राच्या आगीत कवच शाबूत राहिले, भंगाराच्या दुकानात ते फुटले. कोबाल्ट-60 ची तीव्रता निम्मी व्हायला सव्वापाच वर्षे लागतात. पडझड झालेल्या भट्टीत सीझियम-137 असते, त्याला 30 वर्षे लागतात, आणि प्लुटोनियम-239 ला 24 हजार. मायापुरीत काही कांड्या होत्या, वितळलेल्या भट्टीत टनांनी मलबा असतो.

नीट नियोजन केले तर भट्टीच्या गाभ्यातले भाग काढता येतात, हेही नरोऱ्यानेच दाखवले. प्रत्येक भट्टीत 306 शीतक वाहिन्या असतात. न्यूट्रॉनच्या माऱ्याने त्या वाकतात आणि ठिसूळ होतात. 2005 नंतर दोन्ही भट्ट्यांतल्या सगळ्या वाहिन्या दूरनियंत्रित हत्यारांनी काढून नव्या धातूच्या बसवल्या. प्रत्येक वाहिनी कुठे आहे, किती किरणोत्सारी आहे, कोणत्या आवरणात जाणार, हे आधी ठरलेले होते. वितळलेल्या भट्टीत यातले काहीच ठाऊक नसते. कष्टाचा आणि खर्चाचा सगळा फरक तिथे पडतो.

काय मागायचे

फुकुशिमानंतर अणुऊर्जा नियामक मंडळाने प्रा. सुहास सुखात्मे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिच्या शिफारशींनुसार केंद्रांत बाहेरून पाणी सोडण्याच्या जोडण्या आणि फिरती डिझेल जनित्रे आली. 1993 ला नरोऱ्यात आगीच्या पंपांनी ऐनवेळी जे केले, तेच आता रीतसर रचनेचा भाग झाले. हे चांगले पाऊल आहे.

मोडीत काढण्याची तयारी मात्र मागे राहिली. अणुविजेच्या दरात त्यासाठी युनिटमागे 2 पैसे घेतले जातात. हा हिशेब वयोमानाने निवृत्त होणाऱ्या, शाबूत भट्टीचा आहे. 2012 मध्ये भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी (कॅग) दाखवून दिले की देशातल्या एकाही अणुवीज केंद्राची मोडीत काढण्याची योजना तयार नव्हती, 30 वर्षे चाललेल्या केंद्रांचीही नाही.

2047 पर्यंत 100 गिगावॅट अणुवीज हे सरकारचे उद्दिष्ट आहे. दिल्लीच्या पश्चिमेला हरियाणात फतेहाबाद जिल्ह्यातल्या गोरखपूरला 700 मेगावॅटच्या चार भट्ट्यांचा प्रकल्प उभा राहतो आहे. मला अणुवीज हवी आहे. कोळशाच्या धुराने घुसमटलेल्या राजधानीला तर ती हवीच. म्हणूनच तीन गोष्टींचा आग्रह धरायला हवा. प्रत्येक केंद्राची मोडीत काढण्याची योजना आणि तिचा निधी लोकांना पाहता आला पाहिजे. केंद्राभोवतीच्या 16 किलोमीटर क्षेत्रात होणाऱ्या आपत्कालीन सरावांचा अहवाल तिथल्या गावकऱ्यांच्या भाषेत मिळाला पाहिजे. आणि परदेशातल्या अपघाताचा धडा इथे अमलात यायला 18 वर्षे लागली, तसे पुन्हा होऊ नये यासाठी नियामकाला कोणाचीही भीड न बाळगता भट्टी थांबवता आली पाहिजे. बिघडलेली भट्टी मोडीत काढण्यापेक्षा ती बिघडू न देणे कितीतरी स्वस्त आहे.